अँब्युलन्सवर नवीन लागताय? ड्युटीला जायच्या आधी एवढं वाचून घ्या

पॅरामेडिकचा कोर्स झाला, पहिली नोकरी अँब्युलन्सवर मिळाली, आणि घरचे अजून विचारतायत की "म्हणजे तू कंपाउंडर का ड्रायव्हर?", अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. घरच्यांचा दोष नाही, आपल्याकडे अँब्युलन्स म्हणजे स्ट्रेचर टाकलेली गाडी आणि सायरन एवढंच डोक्यात असतं. पण पेशंटला पळवत नेणं हे तुमचं कामच नाही. पेशंट जिथं पडलाय तिथूनच ट्रीटमेंट सुरू करायची, आणि ती योग्य हॉस्पिटलच्या दारापर्यंत तुटू द्यायची नाही, हे काम. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

आधी कोण कुठे बसतो ते बघू, कारण इथेच नवीन माणसाचा गोंधळ होतो. १०८ ची सेवा २००५ मध्ये हैदराबादला सुरू झाली आणि मग एकेका राज्यात पसरली. बहुतेक राज्यांत त्या गाडीवर एक ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे तुम्ही) आणि एक पायलट असतो (ड्रायव्हरला पायलट म्हणतात, त्याला ड्रायव्हर म्हणालात तर पहिल्याच दिवशी तोंड वाकडं होईल). गोव्यात २००८ पासून हीच पद्धत आहे, तिथे ईएमटीची बाईक अँब्युलन्सपण आहे. महाराष्ट्राचं वेगळं. इथे जानेवारी २०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या, २३३ अ‍ॅडव्हान्स आणि ७०४ बेसिक, आणि प्रत्येक गाडीवर डॉक्टर, ज्याला ईएमएसओ म्हणतात, बहुतेक करून बीएएमएस नाहीतर बीएचएमएस. त्यामुळे महाराष्ट्रात कोर्स करून तुम्ही सरकारी १०८ वरच जाल असं धरून चालू नका. इथे ईएमटीला काम मिळतं ते प्रायव्हेट हॉस्पिटलच्या कार्डियाक अँब्युलन्सवर, एमआयडीसीतल्या कंपन्यांच्या मेडिकल सेंटरमध्ये, एअरपोर्टवर, मॅरेथॉन, क्रिकेट मॅच, शूटिंगच्या सेटवर, आणि हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. गाडीवर डॉक्टर नसेल तर डॉक्टर फोनवर असतो, त्याच्याशी बोलून औषध द्यायचं, स्वतःच्या मनाने नाही. ही लाइन ओलांडायची नाही, पेशंटच्या नातेवाइकाने पाया पडून सांगितलं तरी नाही.

कोर्स अजून घेतला नसेल तर एवढंच सांगतो, २०२१ च्या अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट म्हणजेच पॅरामेडिक हा वेगळा पेशा म्हणून धरलाय, तेव्हा फी भरायच्या आधी संस्थेला विचारा की सर्टिफिकेट कुणाचं मिळणार, युनिव्हर्सिटी कुठली, रजिस्ट्रेशनला चालणार का. आणि दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा, क्लिनिकल पोस्टिंग कुठे आणि किती तास. कॅज्युअल्टी, आयसीयू, लेबर रूम आणि चालत्या अँब्युलन्सवर उभं केलं नाही तर तो कोर्स भिंतीवर लावायच्या कामाचा.

पायरी १: गाडी ताब्यात घेताना

मागच्या शिफ्टवाला म्हणतो "सगळं आहे रे, चेक केलंय मी". त्याच्यावर प्रेम असू द्या पण स्वतः चेक करा. सक्शन (तोंडातली लाळ, रक्त ओढून काढायचं मशीन) चालू करून बोट लावून बघा ओढतंय का. लॅरिंगोस्कोपचं (घशात बघायचं लाइटवालं यंत्र) ब्लेड उघडून लाइट लागते का बघा, पिवळी मिणमिणती लाइट म्हणजे सेल गेलेत. अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मोठ्यांची आणि लहान मुलांची दोन्ही, मास्कसकट. एईडी किंवा डीफिब्रिलेटरची (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) बॅटरी आणि पॅडची एक्सपायरी. ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स, ह्या नेहमी संपलेल्याच असतात, का ते देवाला ठाऊक. डिलिव्हरी किटचं सील. स्ट्रेचरचं लॉक, ते सैल असेल तर पहिल्या स्पीडब्रेकरला कळेल, तेही पेशंटला.

आणि ऑक्सिजन. इथे जरा थांबतो कारण यातच नवीन पोरं फसतात. गेजवर काटा हिरव्यात आहे म्हणजे ऑक्सिजन आहे, असं नसतं, किती मिनिटांचा आहे ते कळलं पाहिजे. हिशोब सोपाय, सिलेंडरची पाण्याची क्षमता लिटरमध्ये गुणिले गेजवरचं प्रेशर (बारमध्ये), आलं तेवढं लिटर ऑक्सिजन. बी टाइप सिलेंडर साधारण १० लिटरचा, पूर्ण भरलेला १५० बार प्रेशरला, म्हणजे १५०० लिटर. आता समजा काटा ७५ वर आहे. म्हणजे ७५० लिटर. पेशंटला बॅगवाला मास्क लावला, १५ लिटरने, तर ७५० भागिले १५, बरोबर ५० मिनिटं, आणि शेवटचा थोडा राखून ठेवायचा असतो म्हणून पंचेचाळीसच धरा. महाबळेश्वरहून घाट उतरून साताऱ्याला जायला सव्वा-दीड तास लागतो, म्हणजे अर्ध्या घाटात सिलेंडर संपणार. तोच पेशंट नाकातल्या नळीवर ४ लिटरने भागत असेल तर तीन तास जाईल. गाडीत फिक्स असलेला मोठा डी टाइप सिलेंडर ७००० लिटरचा असतो पण तो घरात, जिन्यावर, शेतात नेता येत नाही, तिथे छोटाच लागतो, म्हणून दोन्हीचा हिशोब सकाळी करून वहीत लिहा. आणि पाना कुठे ठेवलाय तेही बघा, सिलेंडर भरलेला आणि पाना सापडत नाही ही क्लासिक केस आहे.

पायरी २: कॉल आला

पत्ता, कॉलरचा नंबर, काय झालंय, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. निघाल्या निघाल्या कॉलरला स्वतः फोन लावा. "मारुतीच्या देवळाजवळ" हा पत्ता होत नाही, प्रत्येक गावात ते आहेच, तेव्हा "कुणालातरी मेन रोडवर मोबाईलची बॅटरी लावून उभं करा" असं सांगा. हीच वेळ आहे पेशंटसाठी काहीतरी करून घेण्याची. श्वास बंद आहे म्हणाले तर फोनवरच सीपीआर सुरू करायला लावा, छातीच्या मधोमध, दोन्ही हात एकावर एक, जोरात, मिनिटाला १०० ते १२०, आणि थांबू नका. तुम्ही पोचेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जाणार आणि मेंदूला ऑक्सिजन नसला तर चार-सहा मिनिटांतच नुकसान सुरू होतं, त्यामुळे त्या घरातला घाबरलेला पुतण्या या क्षणी तुमच्यापेक्षा कामाचा आहे. त्याला शांत आवाजात सांगा, ओरडू नका.

पायरी ३: उतरायच्या आधी बघा

दार उघडून धावत सुटायचं नाही. वायर पडलीये? महावितरणच्या माणसाने लाइन बंद केली असं स्वतः सांगेपर्यंत लांब. विहिरीत, सेप्टिक टाकीत किंवा गटारात माणूस उतरला आणि बेशुद्ध पडला? खाली गॅस असतो, त्याला काढायला दुसरा उतरतो तो पण पडतो, मग तिसरा. तुम्ही चौथे होऊ नका, फायर ब्रिगेडला बोलवा. टँकर उलटलाय तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला गाडी लावा. हायवेवर पायलटला गाडी अशी लावायला सांगा की मागून येणारा ट्रक आधी गाडी बघेल, तुम्हाला नाही. मारामारीची केस असेल आणि जमाव तापलेला असेल तर पोलीस येईपर्यंत गाडीतच. यात भेकडपणा वगैरे काही नाही.

पायरी ४: पेशंटजवळ, पहिली दोन मिनिटं

क्रम ठरलेला आहे आणि तो कुणीही बदलू नये. आधी धो धो वाहणारं रक्त असेल तर ते दाबून थांबवा. मग श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, मग कपडे बाजूला करून बाकी शरीर. पुस्तकात हे सगळं एबीसीडीई म्हणून पाठ केलेलं असतं पण प्रत्यक्षात सुरुवात अशी होते, गुडघ्यावर बसायचं, खांद्याला हात लावायचा आणि विचारायचं "काका, काय होतंय?" काकांनी पूर्ण वाक्यात उत्तर दिलं तर एका प्रश्नात कळलं की मार्ग मोकळा आहे, श्वास पुरतोय, मेंदूला रक्त जातंय. दोन शब्द बोलून धाप लागत असेल तर तिथेच कळलं प्रॉब्लेम कुठाय. नुसतं घुरघुर येतंय तर जीभ मागे गेलीये किंवा तोंडात काही आहे, हनुवटी उचला, सक्शन करा. हात मनगटावर ठेवलेला असतोच, तेवढ्यात नाडी आणि कातडी, गार घामेजलेला हात खूप काही सांगतो.

श्वास मोजा. खरंच मोजा, घड्याळ लावून. आपल्याकडच्या केस पेपरांवर प्रत्येक पेशंटचा रेस्पिरेटरी रेट १८ किंवा २० असतो, म्हातारा असो, न्यूमोनिया असो, मेलेला असो. मोठ्या माणसाचा नॉर्मल १२ ते २०, तीसच्या वर गेला की पेशंट थकतोय आणि थोड्या वेळात थांबणार, आणि हे मॉनिटरच्या आधी तुम्हाला कळू शकतं.

बेशुद्ध किंवा विचित्र वागणारा प्रत्येक पेशंट, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, त्याची शुगर तपासा. एस्टी स्टँडवर बाकाखाली पडलेला माणूस, तोंडाला वास, आजूबाजूचे म्हणतात "प्यायलाय, रोजचाच आहे". असेल रोजचा. पण बोटाला सुई टोचली आणि आकडा ३२ आला तर? ७० च्या खाली शुगर कमी धरतात, ३२ ला माणूस कोमात असू शकतो, आणि डायबेटिसची गोळी खाऊन उपाशीपोटी प्यायलेल्या माणसाची शुगर अशी पडते. प्रोटोकॉलप्रमाणे फोनवरच्या डॉक्टरला सांगून शिरेतून डेक्स्ट्रोज दिलं (शीर नीट लागलीये याची खात्री करून, २५ टक्क्याचं औषध शिरेबाहेर गेलं तर हाताची वाट लागते) की पाच-दहा मिनिटांत तोच माणूस उठून विचारतो माझी पिशवी कुठाय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर, पाणी, कांदा, काहीही घालू देऊ नका, नाकाला चप्पल लावणारे पण भेटतील, त्यांना गर्दी हटवायचं काम द्या.

पायरी ५: थांबायचं का निघायचं

अपघात, पोटात-छातीत मार, आतून रक्त जातंय असा संशय, तर जागेवर दहा मिनिटांच्या वर घालवू नका, मानेला कॉलर, पाठीखाली बोर्ड, रक्त दाबलं आणि निघा, सलाइनची सुई रस्त्यात. त्या पेशंटला ऑपरेशन थिएटर पाहिजे, तुम्ही नाही. याच्या उलट हृदय बंद पडलं तर तिथेच जमिनीवर बसून काम करा. ३० दाब, २ श्वास, दाब ५ ते ६ सेंटीमीटर खोल, एईडी लावा, दर दोन मिनिटांनी माणूस बदला. नातेवाईक ओरडतील "हॉस्पिटलला चला ना आधी", पण हलत्या गाडीत सीपीआर धड होत नाही, हे त्यांना एका वाक्यात समजावा आणि त्यातल्याच एका धडधाकट माणसाला पुढच्या पाळीला बसवा.

छातीत दुखतंय तर ईसीजी, आणि अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नाही हे विचारून प्रोटोकॉलप्रमाणे अ‍ॅस्पिरिन चघळायला. तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली म्हणजे लकवा, तिथे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच, "शेवटचे ठीक कधी बघितले होते?" सकाळी उठल्यावर दिसलं म्हणाले तर रात्री झोपतानाची वेळ धरायची, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आणि मग सगळ्यात जवळचं हॉस्पिटल नाही, सीटी स्कॅन चालू असलेलं हॉस्पिटल. जवळच्या नर्सिंग होममध्ये उतरवून तिथून रेफर, परत गाडी, परत प्रवास, यात तास जातो, म्हणून आपल्या भागात कॅथलॅब (हृदयाच्या नळीतला ब्लॉक काढतात ती) कुठे, सीटी कुठे, रात्री ब्लड बँक कुठली उघडी, सापाचं इंजेक्शन कुठल्या पीएचसीत आणि आरएचला (ग्रामीण रुग्णालय) आहे, याची यादी स्वतः बनवा.

सर्पदंशाचं सांगायलाच पाहिजे कारण पावसाळ्यात कोकणात, घाटाखाली हे कॉल येतातच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य. तुम्ही पोचाल तेव्हा दोरी करकचून बांधलेली असेल, कुणीतरी ब्लेडने कापलेलं असेल. नव्याने बांधू नका, कापू नका, चोखू नका. पाय लाकडी फळीला बांधून हलू देऊ नका, पेशंटला चालवू नका, अंगठी, जोडवी, पैंजण सूज यायच्या आधी काढा, आणि पापण्या खाली येतायत का, आवाज बदलतोय का बघत राहा, मण्यारच्या आणि नागाच्या विषात श्वासच बंद पडतो, तिथे अंबू बॅगने माणूस वाचतो. आधीच बांधलेली दोरी घाईने सोडू नका, फोनवरच्या डॉक्टरला विचारून, श्वासाची तयारी ठेवून. साप पकडायला मागे लागू नका, लांबून फोटो मिळाला तर ठीक. मण्यारचा दंश रात्री झोपेत होतो आणि खूण दिसतही नाही, म्हणून पहाटे पोटात दुखतंय आणि डोळे उघडत नाहीत असा जमिनीवर झोपलेला पेशंट आला तर डोक्यात साप येऊ द्या.

फवारणीचं औषध प्यायलेल्यांना घरच्यांनी मिठाचं पाणी पाजलेलं असतं. ते बंद करा, उलटी करवू नका. हातमोजे घालून कपडे काढा, अंग धुवा, लाळ सक्शन करत राहा, आणि बाटली सोबत घ्या, हॉस्पिटलला तेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

पायरी ६: उचलणं आणि नेणं

चाळीतला अरुंद जिना, तिसरा मजला, नव्वद किलोचे आजोबा. खुर्चीवाला स्ट्रेचर असेल तर तो, नसेल तर जाड चादर आणि चार माणसं. जिना उतरताना पेशंटचे पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला. इथे घरातली आजी हमखास ओरडते, "अरे पाय पुढे करून नेऊ नका, तसं मढं नेतात!" वाद घालायचा नाही, "आजी, डोकं वर राहिलं तर त्यांना श्वास बरा येतो" एवढं म्हणायचं आणि चालत राहायचं. पाठीतून नाही, गुडघ्यातून उचला, या लाइनीत माणसं कंबरेने रिटायर होतात.

गाडीत एकच नातेवाईक. पायलटला स्पीड नको, एकसारखी गाडी पाहिजे असं सांगा. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात १०,००० रुपये दंड आहे, पण म्हणून सायरन लावला की सिग्नल आपला असं होत नाही.

पायरी ७: हँडओव्हर

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरकडे तुमच्यासाठी अर्धं मिनिट असतं. असं बोला: "पंचावन्न वर्षांचे गृहस्थ, नऊ वाजून दहा मिनिटांपासून छातीत दुखतंय, घाम, डाव्या हातात कळ. बीपीची गोळी चालू, अ‍ॅलर्जी नाही. पल्स ५६, बीपी ९० बाय ६०, सॅच्युरेशन ९६. ईसीजीत खालच्या लीडमध्ये एसटी वर आहे. अ‍ॅस्पिरिन नऊ चाळीसला दिली, बीपी कमी म्हणून नायट्रेट दिलं नाही, एक लाइन टाकलीये." बस. ट्रॅफिक किती होता, जिना किती अरुंद होता हे नको. ईसीजीचा कागद हातात द्या, स्ट्रेचरवर ठेवू नका, तो चादरीबरोबर जातो.

पेशंट गेलेला वाटला तरी "गेले" हे तुम्ही म्हणायचं नाही, मृत्यू डॉक्टर घोषित करतो. मंगळसूत्र, पाकीट, मोबाईल, सगळं लिहून सही घेऊन द्या. गळफासाची केस असेल तर गाठ तशीच ठेवून दोर दुसरीकडे कापा, मारहाणीच्या केसमध्ये कपड्यावरच्या भोकातून कात्री घालू नका, पोलिसांना ते लागतं. अपघातातला पेशंट उचलून आणणारा रिक्षावाला घाबरून पळायच्या बेतात असतो, त्याला सांगा की नाव द्यायची सक्ती नाही, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये तसं संरक्षण दिलंय आणि २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १३४ए कलमही आलंय.

पायरी ८: परत येताना

गाडी पुसा, वापरलेलं भरा, फॉर्म तिथल्या तिथे पूर्ण करा, रात्री आठवून लिहिलेल्या वेळा कोर्टात उघड्या पडतात. सुई टोचली तर लपवू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच कॅज्युअल्टीत सांगा, एचआयव्हीची गोळी जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. लहान मुलाची वाईट केस झाली तर त्या दिवशी पायलटबरोबर चहाला बसा, तोही तेच बघून आलाय.

आणि जॉइन व्हायच्या आधी मालकाकडून लेखी घ्या, पीएफ, इन्शुरन्स, शिफ्ट किती तासांची. हिपॅटायटीस बी ची लस पूर्ण झालीये का बघा, ० महिना, १ महिना, ६ महिने असे तीन डोस असतात. पहिला घेऊन बाकीचे विसरलेले ढिगाने आहेत, तुमचं कार्ड शोधा आणि उद्याच उरलेल्या डोसची तारीख विचारून घ्या.